माझा उजवा कान आणि देवीचा कौल

तोंड धुताना मी एक डोळा उघडा ठेवते. आधी अर्ध्या तोंडाला साबण लावायचा, ते धुवायचं, मग उरलेल्या अर्ध्याला. एक हात कायम नळावर. साबण डोळ्यात जातो, चरचरतं, नाकातून पाणी गळतं. आरशात बघावं तर अर्धं तोंड फेसानं माखलेलं आणि अर्धं कोरडं, असलं ध्यान दिसतं. पण दोन्ही डोळे मिटले की मी पडते. उजव्या अंगाला, न्हाणीच्या भिंतीवर. शेवाळलेली ती भिंत गालाला लागली की दिवसभर गाल धुवावासा वाटतो.

याची सुरुवात गणपती गेल्यावर झाली. सर्दी झाली, ताप आला, ताप उतरला. मग एका सकाळी मी कूस बदलली आणि घर फिरलं. फिरलं म्हणजे गरगरलं. पंखा बंद होता, पण पंख्यासकट पत्रा, देवाची फळी, दोरीवरची लुगडी, सगळं एका बाजूला पळत होतं. पळून जात नव्हतं, नुसतं पळत होतं. मी ओरडले, "अगं थांबव ते!" सून धावत आली. ती मला आत्या म्हणते. म्हणाली, "काय थांबवू, आत्या?" तिला सांगायला तोंड उघडलं आणि उलटी झाली. उशीवर, केसांत, गळ्यातल्या पोतीत. सुनेनं नाक धरून सगळं पुसलं. मी तिला दोष देत नाही. माझा वास मलाच सहन होत नव्हता.

मग गल्ली औषध सांगायला आली. एक म्हणाली पित्त, लिंबू चोखा. एक म्हणाली अशक्तपणा, खारीक खा. समोरच्या घरातल्या बाईनं माझी दृष्ट काढली. मिरच्या-मोहऱ्या ओवाळून तव्यावर जाळल्या. त्या धुरानं मला ठसका लागला आणि ठसक्यानं पुन्हा उलटी. ती म्हणाली, "बघा, कसली जबर दृष्ट हुती, बाहेर पडायलीय." जी बाहेर पडली ती सकाळची कांजी होती.

पोरानं जवळच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं सलाईन लावलं, चक्करच्या गोळ्या दिल्या. काही दिवसांनी घर फिरायचं थांबलं, पण मी सरळ झाले नाही.

मी आयुष्यभर यंत्रमागाच्या कारखान्यात मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरल्या. खटखटाटात, सुताच्या धुळीत, दोन मागांच्या मधल्या बोळातून दिवसभर ये-जा. कधी कुठं धडकले नाही. आता सरळ रस्त्यावर चालता येईना. उजेडात, समोर एखादा विजेचा खांब नाहीतर देवळाचा झेंडा असला, त्याच्यावर नजर ठेवली, तर पाय नीट पडायचे. पण कुणी मागून हाक मारली आणि मी मान वळवली, की रस्ता मानेच्या मागून ओढल्यासारखा यायचा. दुकानाची पाटी चालता चालता वाचायला जावं तर अक्षरं नाचायची. शेजारून मोटारसायकल गेली तर अंग तिच्यामागं ओढल्यासारखं व्हायचं. दिवे गेले तर मी जिथं असेन तिथं खाली बसायचे, मग खाली काय का असेना. एकदा नळाच्या चिखलात बसले. मांजरानं घाण केली होती तिथं.

चार पावलं चालायला डोळे लागतात हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. पाय चालतात आणि डोळे बघतात, ज्याचं त्याचं काम वेगळं, असंच मी धरून होते.

मग नवरात्र आलं.

आमच्या गल्लीत नळाच्या चौकात देवीचा मांडव असतो. या वर्षी पोरांनी देवीच्या डोक्यामागं लाइटचं चक्र बसवलं. लाल, हिरवं, पिवळं, सारखं गरगर फिरणारं. सगळ्यांना ते लई आवडलं. मला त्याच्याकडं बघवेना. चक्र फिरतंय आणि मी उभी आहे हे कळत होतं, तरी अंग म्हणायचं की तूच फिरतेस. पोटात ढवळायला लागायचं. देवीसमोर उलटी नको, म्हणून पहिल्या दिवशी आरतीला मी डोळे घट्ट मिटले.

आणि उजवीकडं झुकले. सावरले. पुन्हा उजवीकडं. धरायला भिंत नव्हती, जमीन मांडवातल्या मऊ गालिच्याची, पायाखाली धड लागेना. टाळ्या चालू होत्या, झांजा चालू होत्या, आणि मी खांब हालावा तशी हालत होते. डोळे उघडावेत तर समोर ते चक्र. शेवटी दृष्ट काढणाऱ्या त्या समोरच्या घरातल्या बाईनं मला काखेत धरलं आणि किंचाळली, "आई आली! मावशीच्या अंगात आई आली!"

मी म्हणाले, "सोड गं, चक्कर आलीय."

तिनं ऐकलंच नाही. कुणीतरी मूठभर कुंकू माझ्या कपाळावर थापलं. ते नाकात गेलं, मी शिंकले. त्या शिंकेला बायकांनी हुंकार म्हटलं. अंगावर हिरवा खण टाकला, मांडीवर नारळ ठेवला. एकीनं परातीत माझे पाय धरले आणि पाणी ओतलं. ते पाय आत्ताच नळाच्या चिखलातून आले होते. टाचांना भेगा, भेगांत काळं. ते पाणी तिनं ओंजळीत घेतलं, स्वतः प्याली, आणि शेजारणीला दिलं.

मला तिथंच ओकारी आली.

"थुका ते!" मी ओरडले. "मुडदा बशिवला तुमचा, घाण हाय ती! गटारीचं पाणी पितेत भवान्या!"

बायकांनी हात जोडले. एक म्हातारी म्हणाली, "खरी आई हाय. खोटी असती तर गोड बोलली असती."

मी नाही म्हणाले तर आई रागावली. शिव्या दिल्या तर आई खरी. गप्प बसले तर आई प्रसन्न. दुसऱ्या दिवशी घरीच बसले, तर बायका मला न्यायला वाजत-गाजत दारात आल्या. सून म्हणाली, "जावा की आत्या, कशाला नाराज करता?" तिला ते बरं वाटत होतं. नळावर आता बायका तिला आधी घागर भरू देत होत्या. मला आत्या म्हणायची, ती लोकांसमोर आई म्हणायला लागली. मी म्हणाले, "मी तुझ्या नवऱ्याची आई हाय, तुझी न्हवं, आणि गल्लीची तर अजिबात न्हवं."

तरी गेले. का गेले? मांडवात गेले नाही तर सगळा मांडवच माझ्या घरात आला असता. ते कुंकू, ते नारळ, तो धूप माझ्या अंथरुणावर. त्यापेक्षा तिथं उभं राहून परत यावं, असा हिशोब केला. समोरची रोज माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी पुटपुटायची. तिच्या तोंडाला तंबाखूचा वास. विड्या वळते ती, दिवसभर मांडीवर सूप, बोटं पिवळी. झांजांच्या आवाजात मला तिचा एक शब्द कळायचा नाही. मी डोळे मिटून झुकायचे, ती "उजवा! उजवा!" म्हणून डोकं माझ्या पायावर आपटायची. मला वाटायचं, मी उजवीकडं पडतेय म्हणून ती बाकीच्यांना धरायला सांगतेय.

पाचव्या माळेला तिची थोरली पोरगी माझ्या दारात आली.

ही पोरगी करमाळ्याला दिलेली. नवरात्राच्या आधीच माहेरी आली होती, ती जायचं नाव काढत नव्हती. गल्लीला कारण माहीत होतं आणि गल्ली ते माहीत नसल्यासारखी वागत होती. नवरा बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. फोन काढून घेतलेला. एकदा तो बाहेरगावी गेला आणि कुलूप तसंच. शेजारच्या बाईनं खिडकीच्या गजातून भाकरी दिली, गजातूनच पाणी. संडासाचं काय केलं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. हे असलं घर. पण समोरचीला नवरा नाही, आणि धाकटी पोरगी लग्नाची. थोरली माघारी आली तर धाकटीला कोण करणार, ही तिची काळजी.

पोरगी उंबऱ्यात उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"आज्जी, मी तुमचं काय वाईट केलतं?"

"आता गं बया! मी काय केलं?"

"तुमी कौल दिला की. सलग उजवा. आयनं फोन केला करमाळ्याला. दसरा झाला की मला न्यायला येनार हायेत."

मग तिनं सगळं सांगितलं. आमच्याकडं देवीला कौल लावतात. मूर्तीला दोन बाजूंना फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचं पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. समोरचीनं मला फूल केलं होतं. रोज कानाशी येऊन विचारायची, पोरीला नांदायला पाठवू का? मी उजवीकडं झुकायचे. होय. दुसऱ्या दिवशी पुन्हा होय. कौल इतका पक्का की तिची खात्रीच पटली.

मी त्या पोरीकडं नीट बघितलं. मनगट वाळून काडी झालेलं. मला गल्लीची शिसारी आली, माझ्या अंगाचीही आली. माझं अंग माझ्या नकळत लोकांना होकार देत सुटलं होतं.

मी उठले, भिंत धरत समोर गेले. ती विड्या वळत बसली होती.

"ते होय माझं न्हाय," मी म्हणाले. "मला चक्कर येती, मी पडते. तुझी पोरगी माझ्या पडन्यावर पाठवू नको."

तिनं विडीला दोरा बांधला, दातानं तोडला. "मावशी, अंगात आल्यावर कुनालाच ठावं नसतं. तुमास्नी कसं ठावं आसंल?"

"मी सांगते की!"

"तुमी न्हवं, आई बोलती."

"आईला काय ठावं करमाळ्याचं? आई गेलती का तितं बघायला?"

"तोंड सांभाळा मावशी," ती म्हणाली, पण हात जोडून.

असल्या बाईशी भांडता येत नाही. शिवी दिली तरी पाया पडते.

दुसऱ्या दिवशी मी कानाच्या डॉक्टरकडं गेले. जायचं आधीच ठरलं होतं, चक्करच्या डॉक्टरनंच चिठ्ठी दिली होती, पण पोराला दुकानातून सुट्टी नव्हती आणि सून म्हणाली, "नवरात्रात आईला दवाखान्यात कसं न्यायचं?" मी त्या पोरीला म्हणाले, "तू चल. माझ्या उजव्या अंगाला राहा, पडले तर धर." ती आली. रिक्षावाल्यानं वळणावर जोरात वळवली, मी तिच्यावर जाऊन आदळले, तिनं मला धरून सरळ केलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या, हळू बोलायच्या. त्यांनी आधी मला पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे, नीट उभी. म्हणाल्या, "आता डोळे मिटा आजी, मी धरलंय." मिटले आणि गेले उजवीकडं. मग म्हणाल्या, "डोळे मिटून जागच्या जागी कदमताल करा." लहानपणी शाळेत करायचो तसं मी केलं. मला वाटलं, चांगली सरळ उभी आहे मी, डॉक्टर बाई समोर आहेत. डोळे उघडले तर समोर हात धुवायचं भांडं. बाई पाठीमागं. मी न कळता उजवीकडं वळत वळत भिंतीकडं तोंड करून उभी राहिले होते.

पोरगी फिस्सकन हसली. गल्लीत आल्यापासून तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मग तिनं तोंडावर पदर घेतला.

पुढची तपासणी ओंगळ होती. डोळ्यांवर काळा चष्मा बांधला, आडवं केलं, डाव्या कानात गार हवा सोडली. आणि लागली खोली गरगरायला, पहिल्या दिवसासारखी. मी बाजूच्या भांड्यात ओकले. मग थांबलं. मग उजव्या कानात हवा. मी दात खाऊन वाट बघत राहिले. काही नाही. नुसता कान गार झाला.

"हाच गेलाय," बाई म्हणाल्या.

"ऐकू येतंय की मला."

"ऐकायचा वेगळा, तोलाचा वेगळा. दोन्ही कानातच असतात. तापानंतर तुमच्या उजव्या कानाच्या तोलाच्या नसेला सूज आली."

मग त्यांनी समजावलं. मी सरळ आहे का वाकडी, थांबलीय का फिरतेय, हे मेंदूला आपोआप कळत नाही. त्याला बातमी लागते. दोन्ही कान सांगतात, डोळे सांगतात, तळपाय सांगतात. मेंदू सगळ्यांचं ऐकून जुळवतो. माझा उजवा कान गप्प झाला. तरी डोळे आणि पाय मिळून मला निभावून नेतात. डोळे मिटले, पायाखाली मऊ आलं, की राहतो एकटा डावा कान, आणि त्याचं एकट्याचं ऐकून मेंदू फसतो. डोळ्यांसमोर सगळंच फिरायला लागलं तरी फसतो. मी त्यांना देवीमागचं चक्र सांगितलं. म्हणाल्या, "तेच. डोळे म्हणतात फिरतंय, पाय म्हणतात नाही, आणि कान धड साक्ष देत नाही. मग मळमळतं."

"पन उजवीकडंच का? एकदा तरी डावीकडं पडावं की."

त्या विचारात पडल्या, कसं सांगावं म्हणून. मीच म्हणाले, "आमी कारखान्यात टॉवेलाचं गाठोडं दोघी मिळून उचलायचो. एकीनं हात ढिला सोडला की गाठोडं तिच्याच बाजूला झुकायचं. तसलं हाय का?"

"बरोबर तसंच," त्या म्हणाल्या. "ढिल्या बाजूला."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. तिचं हसू गेलं होतं. "म्हंजे काही बी इचारलं तरी उजवा?" ती म्हणाली.

डॉक्टर बाईंना काय ते कळलं नाही. त्यांनी व्यायाम सांगितला. अंगठा समोर धरायचा, त्याच्यावर नजर ठेवायची आणि मान इकडं-तिकडं हलवायची. मळमळलं तरी करायचा. चालायचं, झोपून राहायचं नाही. चक्करच्या गोळ्या बंद, त्यानं मेंदू सुस्त होतो, शिकत नाही. "मेंदू शिकेल आजी," म्हणाल्या, "नव्यानं जुळवून घेईल. पण त्याला त्रास द्यावा लागेल." ही एवढी गोष्ट मला आवडली.

अष्टमीला मी स्वतःहून मांडवात गेले. बायकांनी वाट दिली. आरती संपली तशी मी म्हणाले, "झांजा बंद करा. आज कौल सगळ्यांसमोर हुईल. ही पोरगी इचारनार."

समोरची खूश झाली. तिला वाटलं, पोरगी स्वतः विचारतेय म्हणजे तिनं कौल मानला. पोरगी माझ्या उजवीकडं येऊन उभी राहिली. मी डोळे मिटले.

"आई," ती म्हणाली, "मला करमाळ्याला पाठवायचं का?"

मी झुकले. तिनं धरून मला सरळ केलं. "उजवा!" समोरची ओरडली.

"आई, मला करमाळ्याला पाठवू नको असं म्हनतीस का?"

मी झुकले. उजवीकडंच. आता ओरडायला कुणी तयार होईना.

"आई, माझ्या आयनं विड्या वळायच्या सोडून कलेक्टर व्हायचं का?"

झुकले. मागं कुणीतरी खुदकलं.

"आई, आपल्या गल्लीतल्या नळाला दूध येनार का?"

झुकले. आता हसू आवरेना. एक बाई म्हणाली, "इचार गं, माझा नवरा दारू सोडनार का?" तिलाही मी होय दिलं. "आन पुन्हा पिनार का?" तेही होय. मांडव हसायला लागला. मी डोळे उघडले. चक्र गरगरत होतंच, मी खाली बघितलं.

"उजवा कान बिघडलाय माझा," मी म्हणाले. "आई-बिई कोन न्हाय. आन माझ्या पायाचं पानी जी प्याली तिनं जंताची गोळी घ्यावी."

त्या परातवाल्या बाईनं तोंडाला पदर लावला. सून माझ्याकडं न बघता घरी गेली. जी म्हातारी मला खरी आई म्हणाली होती, ती म्हणाली, "आई रुसली. निघून गेली अंगातून." असल्यांना काही करता येत नाही.

समोरची हसली नाही. मग माझ्याजवळ येऊन दात खाऊन म्हणाली, "नाक कापलं तुमी माझं चारचौघींत. करमाळ्याला मी शबूद दिलाय. त्यास्नी आता काय सांगू? म्हातारीचा कान बिघडला म्हनून सांगू?"

"व्हय, तेच सांग."

ती थुंकली. माझ्यावर नाही, बाजूला. पण मला कळावं अशी.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जावई आला, संगती त्याचा मामा. मी खिडकीतून बघितलं. शर्टाला इस्त्री, कपाळाला गंध. अशा माणसाच्या खिशात कुलपाची किल्ली असते हे दिसत नाही. चहा गेला. आवाज येईनात. मग समोरची स्वतः माझ्या दारात आली. अष्टमीपासून बोलली नव्हती. म्हणाली, "मावशी, जरा या." आणि माझं उत्तर यायच्या आत वळली.

मी भिंत धरत गेले. पोरगी स्वैपाकघराच्या दारात उभी, तिची पिशवी भरलेली नव्हती. मी आत पाऊल टाकलं तशी तिची आई जावयाला म्हणाली, "ह्याच त्या. इचारा त्यास्नी. आईनं अष्टमीला कौल फिरवला."

मी सगळ्या गल्लीसमोर ओरडून ओरडून सांगितलं की कौल नाही, देवी नाही, कान आहे. आणि ही बाई तोच कौल पुन्हा उचलून, उलटा करून, जावयाच्या ताटात वाढत होती. तिला "माझी पोरगी यायची नाही" एवढं बोलता येत नव्हतं. तेवढं बोलायलाही तिला देवी लागत होती.

जावई खुर्चीवरून उठला आणि सरळ माझ्या पाया पडला. त्याच्या केसांना तेल होतं, ते माझ्या पावलाला लागलं. म्हणाला, "आई, माझ्यासमोर एकदा कौल द्या. उजवा का डावा, जो दिला तो मला मान्य."

मला कळलं, आता डोळे मिटले तर पोरगी गेली. माझं अंग उजवीकडंच जाणार. ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. पोरीलाही ते कळलं होतं. दाराची चौकट तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर ठेवली आणि पाय रोवले.

"डोळे मिटनार न्हाय मी," मी म्हणाले. "उघड्या डोळ्यानं तुला बघून सांगते. ही यायची न्हाय. कुलूप लावायचं आसंल तर गोठ्याला लाव. बाईमानसाला कुलूप लावतोस, लाज वाटत न्हाय? आन ऊठ, माझ्या पायाला तेल लावू नको."

तो उठला. सासूकडं बघितलं. सासूनं माझ्यापुढं हात जोडले, डोकं वाकवलं, आणि त्याला म्हणाली, "ऐकलंसा न्हवं?"

मी खोटं बोलले नव्हते. मी देवी आहे असं म्हणाले नव्हते. पण नाही असंही त्या वेळी म्हणाले नाही. तोंडापर्यंत आलं होतं, मी गिळलं. ते अजून घशात कडवट लागतं.

जावई काहीतरी बोलायला गेला, तर त्याचा मामा म्हणाला, "चल. देवीच्या तोंडाला लागायचं न्हाय. आपलं घर चांगलं ऱ्हायलं पायजे." बायको चांगली राहिली पाहिजे असं कुणी म्हणालं नाही. उरलेला चहा पिऊन ते निघून गेले.

त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत समोरची दारात हात जोडून उभी होती. मग तिनं दार लावलं, सूप मांडीवर घेतलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "मावशी, खरं सांगा. आत्ता तुमी बोलला का आई बोलली?"

"मी."

तिनं पान कापलं, तंबाखू घातली, विडी वळली, तिला दोरा बांधला. मग म्हणाली, "बरं झालं. पन बाहेर कुनाला सांगू नका."

आतून पोरीनं भांडी घासायला घेतल्याचा आवाज येत होता. जोरात घासत होती.